नाव दिसले की माहिती नाकारायची?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका एका गट ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकारी आहेत आणि तिथल्या जन माहिती अधिकारीही त्याच आहेत. निवडणुकीत पडलेल्या पॅनेलमधल्या एका गृहस्थांनी त्यांच्याकडे माहिती अधिकारात अर्ज केला आहे. गेल्या तीन वर्षांत मंजूर झालेल्या घरकुलांची लाभार्थी यादी, हप्त्यांच्या तारखा व रकमा, आणि प्रपत्र ‘ड’मधला, म्हणजे घरकुलाच्या प्रतीक्षायादीतला, क्रम ज्या ग्रामसभेत बदलला तिचा ठराव, ही पहिली मागणी. सर्व लाभार्थ्यांनी जोडलेल्या आधार कार्ड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला व बँक पासबुक यांच्या प्रती, ही दुसरी. प्राधान्य मिळालेल्या एका लाभार्थ्याचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, ही तिसरी. तो माणूस मोटारसायकल चालवतो, तेव्हा दाखला बनावट असावा असा अर्जदाराचा संशय आहे. चौथी मागणी पाणीपुरवठा कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या रजेच्या अर्जांची आणि वैद्यकीय दाखल्यांची आहे. ‘आता नवा कायदा आलाय, आठ-एक-जे लावा आणि सगळा अर्ज निकाली काढा,’ असे पंचायत समितीतल्या वरिष्ठांनी तोंडी सांगितले आहे (आठ-एक-जे म्हणजे माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहिती नाकारण्याचे कलम). सरपंचांचेही म्हणणे तेच आहे. त्यातच, वैयक्तिक माहिती दिली तर अडीचशे कोटींचा दंड होतो असा मजकूर व्हॉट्सॲपच्या गटावर फिरतो आहे. दुसरीकडे अर्जदार माहिती आयोगापर्यंत जाण्याची भाषा करतो आहे, आणि यादीतली एक विधवा लाभार्थी कार्यालयात येऊन ‘ताई, माझे कागद त्याच्या हातात देऊ नका’ असे सांगून गेली आहे. अर्ज येऊन बारा दिवस झाले आहेत. ‘नाकारले तर मी सुरक्षित राहीन का, आणि दिले तर कोणाचे वाईट होईल?’ असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

आधी त्या अडीचशे कोटींचा निकाल लावू, कारण तुमच्या पत्रात कायद्यापेक्षा त्या आकड्याची भीतीच जास्त दिसते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ याच्या परिशिष्टात २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे, हे खरे आहे. परंतु ज्या संस्थेकडे लोकांचा डेटा आहे तिने तो सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी उपाय केले नाहीत, तर डेटा संरक्षण मंडळाने चौकशीअंती त्या संस्थेला करायचा तो दंड आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्याकडून व्यक्तिशः वसूल करायचा दंड त्या परिशिष्टात नाही. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम अधिसूचित झाले तेव्हा मंडळाच्या स्थापनेची कलमे आणि माहिती अधिकार कायद्यातली दुरुस्ती तेवढी लगेच लागू झाली. संस्थांच्या मुख्य जबाबदाऱ्या आणि दंडाची कलमे यांना अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. तुमच्या पगाराला हात घालू शकणारा दंड वेगळा आहे आणि तो २००५ पासूनचाच आहे : माहिती अधिकार कायद्याच्या कलम २० खाली दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये. गटावर फिरणाऱ्या २५० ची धास्ती घेऊन या दुसऱ्या २५० कडे दुर्लक्ष झाले, तर मात्र खरोखर अडचण होईल.

तुमच्या पहिल्या प्रश्नात एक गृहीतक आहे, ते तपासून पाहा. नकार देणे म्हणजे काहीच न करणे, आणि काहीच न केलेला माणूस सुरक्षित, असे आपल्या कार्यालयांत पूर्वापार मानले जाते. माहिती अधिकार कायद्यात मात्र नकार हाही एक निर्णय आहे. तो कारणांसह द्यावा लागतो, अपिलात तो योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार नाकारणाऱ्यावरच असते, आणि दंडाच्या सुनावणीतही आपण वाजवी रीतीने वागलो हे अधिकाऱ्यालाच दाखवून द्यावे लागते. याउलट सद्भावनेने केलेल्या कृतीला कलम २१ चे संरक्षण आहे. तेव्हा विचार करून दिलेली माहिती आणि विचार करून नाकारलेली माहिती, या दोन्हींत तुम्ही बऱ्यापैकी सुरक्षित आहात; विचार न करता ठोकलेल्या एका ओळीच्या शेऱ्यात नाही.

आता ती दुरुस्ती. कलम ८(१)(ञ), ज्याला तुमचे वरिष्ठ आठ-एक-जे म्हणतात, ते पूर्वी लांबलचक होते. ज्या वैयक्तिक माहितीचा कोणत्याही सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नाही, किंवा जी उघड केल्याने एखाद्याच्या खासगीपणावर नाहक आक्रमण होईल, ती माहिती देण्याचे बंधन नव्हते. मात्र व्यापक जनहितासाठी ती देणे योग्य आहे अशी जन माहिती अधिकाऱ्याची किंवा अपिलीय अधिकाऱ्याची खात्री पटली, तर ती देता येत असे. नव्या कायद्याच्या कलम ४४(३) ने यातली सगळी उपवाक्ये छाटली आणि ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती’ एवढेच उरवले. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, हे जुन्या खंडाचे परंतुकही त्याबरोबर गेले.

ही दुरुस्ती मला पसंत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सांगितले, त्याच्या रक्षणासाठी कायदा हवाच होता. पण न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला होता, त्यातही याच खंडात बदल सुचवला होता आणि तो तोलणारा होता : संबंधित व्यक्तीला होणारी हानी जनहितापेक्षा जास्त असेल तरच माहिती नाकारावी, अशा धाटणीचा. तो मार्ग सोडून सरसकट शब्द घातला गेला. जुना खंडही सगळीकडे नीट वापरला जात होता असे नाही. २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात कर्मचाऱ्याला दिलेल्या नोटिसा, शिक्षा, मालमत्तेची विवरणे ही त्याची वैयक्तिक माहिती आहे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आणि त्यानंतर त्या निकालाचा एक परिच्छेद जोडून वाटेल ती माहिती नाकारण्याची सवय अनेक कार्यालयांना लागली. त्याच सवयीला आता कायद्याचा आधार मिळाला आहे असा वरिष्ठांचा समज झालेला दिसतो.

तो समज अर्धाच खरा आहे, कारण कायद्याची उरलेली कलमे जागच्या जागी आहेत. कलम ८(२) तसेच आहे : पोटकलम (१) मधल्या कोणत्याही अपवादात माहिती बसत असली, तरी ती उघड करण्यातले जनहित जर संरक्षित हितसंबंधांच्या हानीपेक्षा मोठे असेल, तर सार्वजनिक प्राधिकरण ती देऊ शकते. कलम १० तसेच आहे : कागदाचा काही भाग देण्याजोगा नसेल तर तेवढा वगळून उरलेला द्यायचा. कलम ११ तसेच आहे, त्याखाली त्रयस्थ व्यक्तीला, म्हणजे जिची माहिती मागितली आहे तिला, नोटीस देऊन तिचे म्हणणे घ्यायचे असते. आणि कलम ४(१)(ख) तसेच आहे, ज्यात कोणी न मागताही प्रसिद्ध करायच्या सतरा बाबी आहेत. अनुदान कार्यक्रमांत वाटलेल्या रकमा आणि त्यांच्या लाभार्थ्यांचा तपशील ही त्यांतली बारावी बाब आहे. ही बाब नव्या डेटा कायद्यालाही मान्य आहे. त्याच्या कलम ३ मध्येच म्हटले आहे की, एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे जो वैयक्तिक डेटा सर्वांसाठी खुला करावा लागतो, त्याला हा कायदा लागू होत नाही. तुमच्या वरिष्ठांना दाखवायची ओळ हीच.

एक फरक मात्र झाला आहे आणि तो किरकोळ नाही. पूर्वी तोलण्याचे काम खंड (ञ) मध्येच होते आणि ते जन माहिती अधिकाऱ्याने करायचे असे स्पष्ट लिहिलेले होते. आता ते कलम ८(२) मध्ये शोधावे लागते, तिथे ‘सार्वजनिक प्राधिकरण’ असे शब्द आहेत आणि देऊ ‘शकते’ अशी भाषा आहे. जन माहिती अधिकारी हा प्राधिकरणाच्या वतीनेच उत्तर देत असतो, त्यामुळे हे तोलणे त्याच्याही कक्षेत येते असे माझे मत आहे. पण तुमच्या प्रकरणात प्राधिकरण म्हणजे ग्रामपंचायत, तिचे प्रमुख सरपंच, आणि मागितलेली माहिती त्यांच्याच काळातल्या घरकुलांची. म्हणून जिथे ८(२) ची खरोखर गरज पडेल तिथे एक टिपणी लिहून ती सरपंचांकडे रीतसर ठेवा, आणि त्यांनी काय शेरा दिला, किंवा दिलाच नाही, हे फाइलमध्ये राहू द्या.

आता अर्ज पुन्हा समोर घ्या. ‘द्यायचा की नाकारायचा’ असा एकच प्रश्न तुम्ही संपूर्ण अर्जाला विचारता आहात आणि त्यामुळेच विधवा बाईचा चेहरा आणि अर्जदाराची धमकी एकाच वेळी डोळ्यांसमोर येतात. निर्णय कागदाच्या प्रत्येक रकान्याचा वेगळा करायचा असतो. तसा तो केला की चारही मागण्यांची उत्तरे वेगवेगळी येतील.

लाभार्थी यादी द्यावी, आणि तिला ८(२) चीही गरज नाही. नाव, गाव, प्रवर्ग, मंजुरीचा दिनांक, हप्त्याची रक्कम व तारीख हे सगळे बाराव्या बाबीत येते; घरकुल योजनेच्या संकेतस्थळावर लाभार्थ्यांच्या याद्या खुल्या आहेत आणि प्रतीक्षायादी तर ग्रामसभेपुढेच वाचायची असते. गावासमोर वाचलेली यादी कागदावर मागितल्याबरोबर खासगी कशी होईल? ठरावाचेही तसेच. ग्रामसभेचे इतिवृत्त हा गावाचा दस्तऐवज आहे. क्रम बदलताना कोणते कारण नोंदवले, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे जाणण्यासाठीच ते लिहिलेले असते. यादीच्या छापील प्रतीत बँक खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक आणि आधार क्रमांक यांचे रकाने असतील तर ते मात्र काळ्या शाईने पूर्ण झाका, आणि झाकलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढून ती द्या. मूळ प्रतीवर मार्कर फिरवला तर कागद उजेडात धरल्यावर आकडे वाचता येतात. सोयीचे म्हणून एक्सेलमधला रकाना नुसता लपवून फाइल ईमेलने पाठवू नका, तो दोन क्लिकमध्ये उघडतो.

दुसरी मागणी, म्हणजे प्रत्येकाचे आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि पासबुक. इथे त्या बाईंचे म्हणणे रास्त आहे आणि कायदा त्यांच्या बाजूने आहे. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करता येत नाही. रेशनकार्डावर घरातल्या मुलाबाळांची नावे आणि वये असतात, पासबुकावर खाते आणि व्यवहार. घरकुल वाटपात गडबड झाली की नाही हे तपासायला यांतल्या एकाही आकड्याची गरज नाही. या प्रती खंड (ञ) खाली नाकारा, आणि ८(२) चा विचार करूनही नाकारत आहोत असे लिहा. तेवढ्यावर मात्र थांबू नका. प्रत्येक लाभार्थ्याच्या प्रस्तावात कोणकोणती कागदपत्रे जोडलेली आहेत आणि कोणती नाहीत, याचा तक्ता फाइलमध्ये असेल तर तो द्या. उत्पन्नाचा दाखला नसताना घर मंजूर झाले असेल तर ते त्या तक्त्यातच दिसते. मूळ प्रस्ताव पंचायत समितीत असतील तर अर्जाचा तेवढा भाग कलम ६(३) खाली तिकडच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे वर्ग करायला हवा होता. त्याची पाच दिवसांची मुदत उलटली असली तरी आजच वर्ग करा आणि अर्जदाराला तसे कळवा.

तिसरी मागणी सर्वांत कठीण आहे. मोटारसायकल चालवणारा माणूस दिव्यांग नसतोच, हे अर्जदाराचे गृहीतक आधी बाजूला ठेवू. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये एकवीस प्रकारची दिव्यांगत्वे आहेत. त्यांतली अनेक डोळ्यांना दिसत नाहीत, आणि लाभासाठी साधारणपणे ४० टक्क्यांची अट असते, शंभराची नव्हे. गावात संशय घेणे सोपे असते आणि एखाद्याच्या आजाराचे नाव चावडीवर गेले की ते परत आणता येत नाही. पण दुसरी बाजूही खरी आहे. त्या दाखल्याच्या जोरावर कोणीतरी यादीत वर गेले असेल आणि म्हणून दुसरे कोणीतरी खाली राहिले असेल, तर दाखला खरा आहे की नाही हा गावाचा प्रश्न होतो. इथे मी असे सुचवेन : त्या व्यक्तीला कलम ११ खाली लेखी नोटीस द्या. कायद्याने ती अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत द्यायची असते, ती मुदत गेली आहे, तरीही द्या. उशिरा विचारणे हे न विचारण्यापेक्षा केव्हाही बरे, आणि उशिराचे कारण नोंदवा. त्यांना म्हणणे मांडायला दहा दिवस मिळतात आणि अशा प्रकरणात निर्णयाची एकूण मुदत चाळीस दिवसांची होते. त्यांचा आक्षेप आला म्हणजे माहिती आपोआप नाकारली गेली असे नव्हे, तो विचारात घ्यायचा असतो. नंतर आजाराचे नाव, टक्केवारी, छायाचित्र, क्रमांक झाकून, दाखला फाइलवर आहे, तो अमुक प्राधिकाऱ्याने अमुक तारखेला दिलेला आहे आणि त्याच्या आधारे प्राधान्य दिले गेले, एवढे सांगता येईल. त्याने जनहित भागते. दाखल्याची सत्यता तपासणे हे अर्जदाराचेही काम नाही आणि तुमचेही नाही. ज्याने दाखला दिला त्या प्राधिकाऱ्याकडे पडताळणीची तक्रार करण्याचा मार्ग अर्जदाराला मोकळा आहे. त्रयस्थ व्यक्तीलाही तुमच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते, हे त्या नोटिशीनंतरच्या पत्रात लिहावे लागते, आणि ते लिहिल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी माहिती अर्जदाराच्या हातात ठेवू नये.

रजेच्या अर्जांबाबत फार वेळ घालवायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने १३ नोव्हेंबर २०१९ रोजी, सरन्यायाधीशांचे कार्यालयही माहिती अधिकाराच्या कक्षेत आहे असे सांगणाऱ्या निकालात, वैद्यकीय नोंदी आणि उपचार यांना वैयक्तिक माहितीत स्पष्टपणे घातले आहे. वैद्यकीय दाखला देऊ नका. पण पाणी सोडणारा माणूस वर्षात किती दिवस कामावर नव्हता, रजा कोणी मंजूर केली आणि त्या दिवसांत त्याची बदली व्यवस्था काय होती, हे ज्या गावाच्या नळाला पाणी आले नाही त्या गावाला कळायला हवे. हजेरीपटावरून दिवसांची संख्या द्या, आणि ही माहिती वैयक्तिक आहे असा आक्षेप कोणी काढलाच तर ८(२) चा उपयोग इथे करा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांचा असावा, तेव्हा रजेसाठी वेगळा अर्ज करा असे तुम्ही सांगू शकता. सांगू नका असे मी म्हणेन. दहा रुपयांचे आणखी एक कोर्ट फी तिकीट लावून तोच कागद पंधरा दिवसांनी परत येईल आणि मधल्या काळात ‘टाळाटाळ’ हा शब्द तुमच्या नावापुढे चिकटेल.

अर्जदाराच्या हेतूबद्दल तुम्ही बरेच लिहिले आहे. पराभूत पॅनेलचा माणूस, सरपंचांशी जुने वैर, पूर्वीही दोन अर्ज. यांतले काहीही निर्णयाच्या कागदावर येता कामा नये. कलम ६(२) नुसार अर्जदाराला कारण विचारता येत नाही, आणि खरे सांगायचे तर गावातली माहिती बहुधा विरोधकच मागतात. ज्यांचे सगळे बरे चालले आहे ते कशाला मागतील? जनहित आहे की नाही हे माहितीकडे पाहून ठरते, मागणाऱ्याकडे पाहून नाही. मात्र माहिती देताना कोणाचे नुकसान होऊ शकते हे पाहताना मागणारा आणि ज्याची माहिती आहे तो एकाच गल्लीत राहतात, ही गोष्ट दृष्टिआड करू नका. मोठ्या शहरात पत्ता कळल्याने जे होत नाही ते वाडीवस्तीत होऊ शकते. म्हणूनच त्या विधवा बाईंच्या पासबुकाबाबत मी एवढा ठाम आहे आणि त्यांच्या नावाबाबत नाही. त्यांना बोलावून हे नीट समजावून सांगा : घर सरकारी पैशातून मिळाले आहे, म्हणून नाव, रक्कम आणि तारीख लोकांना दिसणार, कागद दिसणार नाहीत.

आता तोंडी आदेशाविषयी. ‘सगळा अर्ज निकाली काढा’ असे म्हणणारे वरिष्ठ सुनावणीच्या दिवशी आयोगासमोर तुमच्या शेजारी उभे राहतील अशी आशा ठेवू नका. भांडण न करता करण्याजोगी एक गोष्ट कायद्यातच आहे. कलम ५(४) खाली जन माहिती अधिकारी कोणत्याही अधिकाऱ्याचे साहाय्य लेखी मागू शकतो आणि कलम ५(५) नुसार ज्याचे साहाय्य मागितले त्याने ते द्यायचे असते. कायद्याचा भंग झाल्यास तो अधिकारीही जन माहिती अधिकारी समजला जातो. तेव्हा ‘आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार सदर माहिती नाकारावी असे आपले मत असल्यास कृपया लेखी मार्गदर्शन व्हावे’ अशी दोन ओळींची टिपणी पाठवा. बहुतेक वेळा त्या टिपणीला उत्तर येत नाही आणि तोंडी आग्रहही मावळतो. एक काळजी घ्या : हेच वरिष्ठ तुमचे प्रथम अपिलीय अधिकारी असतील, तर त्यांनी आधीच मत देऊन ठेवणे योग्य नाही, हे त्यांच्या हितासाठी म्हणूनच त्यांना सुचवता येईल.

उत्तराचे पत्र कसे असावे हे अनेक जन माहिती अधिकारी विचारतात. ‘कलम ८(१)(ञ) नुसार माहिती देता येत नाही’ एवढी एक ओळ हे उत्तर होत नाही. अंशतः माहिती देताना कलम १०(२) नुसार कोणता भाग दिला, कोणता वगळला, का वगळला, निर्णय कोणी घेतला, शुल्क किती आणि अपील कोणाकडे, हे लिहावे लागते. मुद्दा क्रमांक घालून प्रत्येक मागणीखाली दोन-तीन वाक्ये लिहिली तरी पुरे. वगळलेल्या प्रत्येक रकान्यापुढे ‘यातून घरकुल वाटपाबाबत अधिक काही कळत नाही, मात्र व्यक्तीला आर्थिक फसवणुकीचा धोका संभवतो’ असे साधे कारण लिहा. असे पत्र वाचून अर्जदार अपिलात गेला, तरी अपिलीय अधिकाऱ्याला तुमच्या मनात काय होते ते दिसते. आणि पानामागे दोन रुपये शुल्क कळवायला विसरू नका. तीस दिवस उलटले की माहिती फुकट द्यावी लागते.

हे सदर अर्ज करणारेही वाचतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडे. कारण सांगण्याची सक्ती नाही हे खरे, पण या दुरुस्तीनंतर ज्या माहितीत कोणा व्यक्तीचे नाव येते ती मागताना, त्यात सार्वजनिक पैसा किती आहे, कोणता नियम मोडला असावा आणि ही माहिती मिळाल्याने काय तपासता येईल, हे दोन वाक्यांत आपणहून लिहावे. कलम ८(२) चा विचार करायला अधिकाऱ्याला आणि पुढे आयोगाला त्याच दोन वाक्यांचा आधार मिळतो. व्यक्तीचे कागद मागण्याऐवजी निर्णयाचे कागद मागावेत : निकष, गुणांकन, इतिवृत्त, पडताळणीचा अहवाल, नाकारलेल्या अर्जांची कारणे. नको असलेले तपशील झाकून द्यावेत असे अर्जातच लिहिले तर नकाराचे अर्धे निमित्त निघून जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीत एका उमेदवाराला इतर उमेदवारांचे गुण देण्याचा आदेश दिला. सार्वजनिक भरतीतले गुण म्हणजे घरगुती खासगी बाब नव्हे, हा त्यामागचा विचार होता. तो निकाल जुन्या खंडावरचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा जोडून भागणार नाही. पण सार्वजनिक प्रक्रियेत जनहित कसे मोजायचे हे त्यात सविस्तर आले आहे, आणि ८(२) खाली तोच युक्तिवाद करता येतो. नकार आल्यावर तीस दिवसांत वीस रुपयांच्या कोर्ट फी तिकिटासह पहिले अपील करावे, त्याचा निकाल तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत लागायला हवा, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या आपल्या विभागातल्या खंडपीठाकडे दुसरे अपील. आयोगाकडे बराच काळ वाट पाहावी लागते, म्हणून पहिल्या अपिलात सगळे मुद्दे मांडलेले बरे.

आता तुमच्या हातातल्या अठरा दिवसांचे. दिव्यांगत्वाच्या दाखल्याची नोटीस आणि पंचायत समितीकडे वर्ग करण्याचे पत्र आजच काढा, वरिष्ठांना लेखी मार्गदर्शनाची टिपणीही आजच. यादी आणि ठराव यांना कोणाच्या संमतीची गरज नाही, तेव्हा तेवढ्या पानांचे शुल्क मोजून अर्जदाराला या आठवड्यातच कळवा आणि दाखल्याबाबतचा निर्णय चाळीस दिवसांत स्वतंत्रपणे कळवला जाईल असे त्याच पत्रात लिहा. त्या विधवा बाईंचे म्हणणे त्यांच्याकडून एका साध्या अर्जावर लिहून घ्या, सही किंवा अंगठा घ्या आणि आवक क्रमांक टाका. पासबुकाची प्रत नाकारली म्हणून अर्जदार अपिलात गेला, तर अपिलीय अधिकाऱ्यासमोर तो कागद लागेल. आणि यादी दिल्यावर तीच यादी ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावा. पुढच्या वर्षी ती मागायला कोणाला अर्ज करावा लागणार नाही.